ससा, उंदीर आणि कोंबडी : कोलेस्टेरॉलच्या शोधाचा इतिहास

कोलेस्टेरॉल प्रथम सापडले ते पित्ताशयातल्या खड्यांमध्ये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील पुलतिए द ला साल यांनी हे खडे अल्कोहोलात विरघळवून त्यांतून पांढरे, चकचकीत स्फटिक वेगळे केले. ते दिसायला मेणासारखे होते, म्हणून पुढची काही दशके त्यांची गणना मेणासारख्या पदार्थांतच होत राहिली. हा घोळ १८१५च्या सुमारास मिशेल यूजीन शेव्रल यांनी निस्तरला. शेव्रल चरबी आणि साबण यांचे जाणकार. चरबी अल्कलीबरोबर उकळली की तिचा साबण होतो. या स्फटिकांचा मात्र काही केल्या साबण होईना. तेव्हा हा पदार्थ चरबीच्या सोबतीला राहत असला तरी चरबी नव्हे, असे ठरवून शेव्रल यांनी त्याला स्वतंत्र नाव दिले. (याच शेव्रल यांनी मेदाम्लांपासून मेणबत्त्या करण्याचे पेटंट घेतले आणि वयाची १०२ वर्षे पूर्ण केली.)

कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे २७, हायड्रोजनचे ४६ आणि ऑक्सिजनचा अवघा एक अणू असतो. कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली आणि त्यांना एक शेपूट, अशी त्याची घडण. ती उलगडण्यासाठी जर्मनीतल्या हाइनरिख वीलांड आणि आडॉल्फ विंडाउस यांनी कित्येक वर्षे खर्ची घातली. वीलांड यांना १९२७चे आणि विंडाउस यांना १९२८चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९३२मध्ये निष्पन्न झाले की त्यांनी काढलेली आकृती चुकली होती. क्ष-किरणांनी स्फटिकांची मोजमापे घेणाऱ्या जे. डी. बर्नाल यांना तो रेणू त्या आकृतीत बसवता येईना, तेव्हा चूक उघडी पडली. पारितोषिके अर्थातच परत मागितली गेली नाहीत, आणि मागायचे कारणही नव्हते. चुकलेल्या आकृतीतला बराच भाग बरोबर होता.

शरीराला हा पदार्थ लागतो. प्रत्येक प्राणिपेशीच्या पातळ आवरणात तो असतो आणि त्या आवरणाला बेताचा घट्टपणा देतो. पचनाला लागणारी पित्ताम्ले, स्त्री-पुरुषांची लैंगिक संप्रेरके, अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसोल हे सगळे त्याच्यापासून बनते. ड जीवनसत्त्व तयार होते ते त्याच्याच मार्गावरच्या एका टप्प्यातून. अडचण एवढीच की तो पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून त्याला कोणीतरी वाहून न्यावे लागते आणि वाहतुकीत बिघाड झाला तर तो जिथे नको तिथे साचतो. रेणू तोडण्याची पेशींकडची सोय त्याच्या कड्यांपुढे चालत नाही. तो बाहेर टाकायचा तर यकृतामार्गे, पित्तातूनच.

रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात पिवळसर, लापशीसारखे थर साचतात हे शवविच्छेदन करणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकात चांगले ठाऊक होते. बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो यांनी तो दाहाचा परिणाम मानला, व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांना तो रक्तातून बसलेला साका वाटला. त्या थरात काय आहे हे मोजून पाहिले ते विंडाउस यांनी. १९१०मध्ये त्यांनी निरोगी आणि रोगट महारोहिण्यांची तुलना केली. मेदाम्लाशी जोडलेले कोलेस्टेरॉल रोगट रोहिणीत वीसपटीहून अधिक होते. परंतु साचलेला पदार्थ रोगाचे कारण असतो की रोगाने उरलेली राख, हे अशा मोजणीतून कळत नाही. त्यासाठी कोणाच्या तरी शरीरात रोग घडवून पाहणे भाग होते.

तो प्रयोग रशियात झाला, आणि आधी चुकीच्या कल्पनेवर झाला. १९०८मध्ये इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, दूध आणि अंडी खाऊ घातली. सशांच्या रोहिण्या जाड झाल्या. दोष प्राणिज प्रथिनांचा, असा त्यांचा निष्कर्ष. नंतर स्टुकी यांनी घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा रोग होत होता तो अंड्याच्या बलकाने. पांढऱ्या भागाने नव्हे. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीतील तरुण निकोलाय अनिच्कोव्ह आणि त्यांचे सहकारी सेम्योन खालातोव्ह यांनी मग बलकही बाजूला सारला. शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून ते सशांना दिले. १९१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पुढच्या शंभर वर्षांतल्या बऱ्याच गोष्टी बीजरूपाने आहेत. सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल प्रचंड वाढले, महारोहिणीत माणसासारखेच थर दिसू लागले, आणि त्या थरांत मेदाच्या थेंबांनी फुगलेल्या पेशी होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसणाऱ्या या पेशींना आजही फेसपेशीच म्हणतात. त्या रक्तातून आलेल्या भक्षकपेशी असाव्यात हा अनिच्कोव्ह यांचा अंदाज पुढे खरा ठरला.

एवढे होऊनही जगाने हे काम जवळपास चाळीस वर्षे बाजूला ठेवले. कारण इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग उंदीर आणि कुत्र्यांवर केला आणि त्यांना काहीच झाले नाही. ससा हा गवत खाणारा प्राणी, त्याच्या ताटात बलक वाढून माणसाविषयी काय कळणार, असे मत पक्के झाले. खुलासा नंतर मिळाला. उंदराचे यकृत जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत झटपट रूपांतर करते, त्यामुळे त्याच्या रक्तात ते चढतच नाही. प्रयोगातला उंदीर रोगी झाला नाही याचा अर्थ कोलेस्टेरॉल निर्दोष आहे असा नव्हता. ते उंदराच्या रक्तात पोचलेच नव्हते, एवढाच होता. या विषयाच्या इतिहासात प्राण्याच्या निवडीने असा दगा पुन्हा एकदा दिला, आणि तो अधिक महागात पडला असता.

रक्तातून कोलेस्टेरॉल नेमके कसे वाहते हे दाखवले कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या जॉन गॉफमन यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते प्लुटोनियम वेगळे करण्याच्या कामावर होते. युद्ध संपल्यावर त्यांनी मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या अपकेंद्री यंत्रात रक्तद्रव फिरवला. ताक घुसळताना लोणी वर यावे तसे मेदाने भरलेले कण वर तरंगले, आणि घनतेप्रमाणे त्यांचे निरनिराळे थर झाले. हे कण म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेला मेद. कमी घनतेचे ते एलडीएल, जास्त घनतेचे एचडीएल. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ज्या दोन ओळींकडे आधी लक्ष जाते, त्यांचा उगम या यंत्रात आहे. १९५०मध्ये गॉफमन यांनी मांडले की हृदयविकाराशी नाते आहे ते एलडीएलसारख्या कणांचे. एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा तेवढे सांगत नाही.

त्याच दशकात हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडला. सप्टेंबर १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर इथे हृदयविकाराचा झटका आला आणि रोहिण्यांचा आजार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी १९४८पासूनच सुरू होती. ॲन्सल कीज यांनी १९५८मध्ये सात देशांची तुलना आरंभली. पूर्व फिनलंडमधले पुरुष हृदयविकाराने पटापट दगावत होते, क्रीट आणि जपानमधले क्वचित. रक्तातले कोलेस्टेरॉल आणि झटके यांची चढउतार सोबत होत असल्याचे या पाहण्यांनी दाखवले. पण सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे, हा आक्षेप त्यांना खोडता आला नाही, आणि आहाराविषयीचा वाद तेव्हापासून जो पेटला तो आजही धुमसतो आहे. कीज यांच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेली पुस्तके ढीगभर आहेत. कोलेस्टेरॉल हे कारण आहे याचा पुरावा मात्र आहाराच्या पाहण्यांतून आला नाही. तो पेशीच्या आतून आला.

पेशी कोलेस्टेरॉल स्वतः बनवते. हे काम समजून घेणे ही विसाव्या शतकातल्या जीवरसायनशास्त्राची मोठी कामगिरी होय. तिचे श्रेय कॉनराड ब्लॉख आणि फेओडोर लायनन यांना जाते. ज्यू असल्यामुळे ब्लॉख यांना १९३४मध्ये जर्मनी सोडावी लागली. स्वित्झर्लंडमार्गे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोएनहायमर यांच्याकडे पोचले. तिथे हॅरल्ड युरी यांनी शोधलेला जड हायड्रोजन हाताशी होता. त्याची खूण केलेले ॲसिटेट प्राण्यांना दिले, तर ती खूण त्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये उमटलेली दिसे. १९४२मध्ये ब्लॉख आणि डेव्हिड रिटनबर्ग यांनी हे सिद्ध केले: व्हिनेगारमधल्या आम्लासारखा दोन कार्बनांचा साधा तुकडा घेऊन शरीर २७ कार्बनांचा हा गुंतागुंतीचा रेणू उभारते. म्युनिकमध्ये लायनन यांनी १९५१मध्ये त्या तुकड्याचे कार्यक्षम रूप शोधले. मधला दुवा म्हणजे मेव्हॅलोनिक आम्ल. ते मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५६मध्ये सापडले. तीसहून अधिक पायऱ्यांची ही वाट पूर्ण झाल्यावर ब्लॉख आणि लायनन यांना १९६४चे नोबेल मिळाले. या वाटेवरची निर्णायक पायरी सुरुवातीलाच आहे. एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर मेव्हॅलोनिक आम्ल बनवते, आणि पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे असले की हेच विकर मंदावते. खाण्यातून कोलेस्टेरॉल आले की शरीर आपले उत्पादन कमी करते, हे शोएनहायमर यांनी १९३३मध्येच पाहिले होते.

उत्पादन रोखायचे तर ते कुठे रोखावे, याचा धडा मात्र एका औषधाने घालून दिला. ट्रायपॅरानॉल ही गोळी अमेरिकेत कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी विकली जात होती. ती अगदी शेवटची पायरी अडवायची. त्यामुळे आधीच्या टप्प्यावरचा डेस्मोस्टेरॉल हा पदार्थ शरीरात साचत गेला. रोग्यांचे केस गळू लागले, डोळ्यांत मोतीबिंदू झाले, आणि १९६२मध्ये औषध मागे घ्यावे लागले. पुढची अनेक वर्षे कोलेस्टेरॉलच्या निर्मितीत ढवळाढवळ म्हणताच औषध कंपन्या बिचकत.

पेशीच्या आतली किल्ली सापडली ती एका आनुवंशिक आजारामुळे. ऑस्लोचे कार्ल म्युलर यांनी १९३८च्या सुमारास काही नॉर्वेजियन कुटुंबांचे वर्णन केले. त्या घरांत कोलेस्टेरॉल उंच असे, टाचेच्या आणि हाताच्या स्नायुबंधांवर पिवळ्या गाठी येत, आणि माणसे तारुण्यातच छातीच्या दुखण्याने जात. बैरूतच्या खचादुरियन यांनी १९६४मध्ये लेबनॉनमधल्या कुटुंबांवरून दाखवले की सदोष जनुक एका पालकाकडून आले तर आजार मध्यम असतो, दोघांकडून आले तर भयंकर. मध्यम रूप पाचशेत एकाला असते असे तेव्हाचे अनुमान. आजचे त्याच्या दुप्पट आहे. दोन्ही जनुके सदोष असलेले मूल दहा लाखांत एखादे, हेही तेव्हाचेच अनुमान.

अशी दोन भावंडे, एक सहा वर्षांचे आणि एक आठ वर्षांचे, १९६८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दाखल होती. त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला हजार मिलिग्रॅमच्या घरात होते. निरोगी मुलात ते दीडशेच्या आसपास असते. आहारावर नियंत्रण असूनही त्यांना झटके येऊन गेले होते. तिथे शिकाऊ असलेल्या जोसेफ गोल्डस्टीन यांनी त्यांना पाहिले आणि आपले मित्र मायकेल ब्राऊन यांना सांगितले. दोघांची ओळख बोस्टनच्या रुग्णालयात १९६६मध्ये झालेली, पत्त्यांतल्या ब्रिजच्या डावात ते एकमेकांचे भिडू. हाच आजार आपण सोडवायचा असे दोघांनी ठरवले आणि १९७२मध्ये दोघेही टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या वैद्यकीय केंद्रात एकत्र आले.

त्यांचा पहिला तर्क चुकीचा होता. निर्मिती करणारे विकरच या मुलांत बिघडले असावे असे त्यांना वाटे. यकृत तर कापून तपासता येत नव्हते. म्हणून त्यांनी त्वचेच्या चिमूटभर तुकड्यातून पेशी वाढवल्या. निरोगी पेशींच्या खाद्यातून एलडीएल काढून घेतले की विकराचे काम वाढे, एलडीएल परत घातले की ते कमी होई. रोगी मुलांच्या पेशींत विकर चाळीस ते साठपट जोराने चालू होते आणि एलडीएल कितीही ओतले तरी ते ढिम्म हलत नव्हते. इथवर पहिला तर्क टिकत होता. मग त्यांनी तेच कोलेस्टेरॉल एलडीएलच्या कणाबाहेर काढून, अल्कोहोलात विरघळवून दिले. तसे ते पेशीत आपोआप शिरते. आता रोगी पेशींतले विकरही निमूटपणे खाली आले. म्हणजे विकर धडधाकट होते. एलडीएल आत शिरतच नव्हते.

सगळा विषय इथे फिरला. १९७४मध्ये किरणोत्सारी आयोडीनची खूण केलेले एलडीएल वापरून त्यांनी दाखवले की निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलला पकडणारे ग्राही असतात आणि या मुलांच्या पेशींवर ते नसतात. सहकारी रिचर्ड अँडरसन यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरच्या विशिष्ट अस्तर असलेल्या खळग्यांत दाटीने बसलेले दिसले. तसले खळगे एक दशक आधी डासाच्या अंडपेशीत सापडले होते. बलकाची प्रथिने ओढून घेणे हे तिथे त्यांचे काम. माणसाची पेशीही तेच करते. खळगा आत मिटतो, त्याची पिशवी होते, कण पेशीच्या पचनकोशात फोडला जातो, कोलेस्टेरॉल मोकळे होते, आणि रिकामा झालेला ग्राही पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला दहाएक मिनिटे लागतात. एका रोग्याचे ग्राही एलडीएल पकडत होते पण खळग्यात जमा होत नव्हते. या एकाच माणसाच्या पेशींमुळे पकडणे आणि आत नेणे ही दोन निराळी कामे आहेत हे समजले.

ग्राहींची संख्या पेशी गरजेप्रमाणे कमीजास्त करते. आत भरपूर कोलेस्टेरॉल असले की ती नवे ग्राही बनवत नाही. शरीरातले बहुतेक ग्राही यकृतात असतात. तिथे ते घटले की एलडीएल रक्तातच फिरत राहते, शेवटी रोहिणीच्या अस्तरात शिरते, तिथे त्याचे रासायनिक रूप बदलते आणि भक्षकपेशी ते गिळून फेसपेशी बनतात. संपृक्त चरबीच्या आहाराने कोलेस्टेरॉल का चढते आणि अनिच्कोव्ह यांच्या सशांना काय झाले होते, या दोन्हींचे उत्तर एका यंत्रणेत मिळाले. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल मिळाले. यकृताचे महत्त्व त्याच्या वर्षभर आधी पीट्सबर्गमध्ये प्रत्यक्ष दिसले होते: फेब्रुवारी १९८४मध्ये टॉमस स्टार्झल यांच्या चमूने या आजाराने पछाडलेल्या सहा वर्षांच्या टेक्सासमधील मुलीला एकाच वेळी नवे हृदय आणि नवे यकृत बसवले, आणि हजारापलीकडचे तिचे कोलेस्टेरॉल नव्या यकृतातल्या ग्राहींनी झपाट्याने उतरवले.

औषधाची गोष्ट तोवर टोकियोत सुरू झाली होती. अकिरा एंडो यांचा जन्म १९३३मध्ये उत्तर जपानच्या आकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात झाला. बुरशीचे त्यांना लहानपणापासून वेड आणि पेनिसिलीन शोधणारे फ्लेमिंग त्यांचे आदर्श. सान्क्यो कंपनीत असताना दोन वर्षे ते न्यूयॉर्कला होते, आणि तिथे हृदयविकार किती घरांतली माणसे नेतो हे त्यांनी पाहिले. त्यांचा तर्क सरळ होता. ज्या सूक्ष्मजीवांना जगण्यासाठी स्टेरॉल लागते त्यांना मारण्यासाठी एखादी बुरशी स्टेरॉलची निर्मिती बंद पाडणारे विष बनवत असेल. १९७१पासून मासाओ कुरोदा आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले. पहिले यश सिट्रिनिन; ते मूत्रपिंडाला विषारी निघाले. १९७३मध्ये क्योटोच्या धान्य दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर बुरशीतून कॉम्पॅक्टिन मिळाले. या रेणूचे एक टोक एचएमजीसारखे दिसते. रिडक्टेज विकर फसते आणि आपल्या खऱ्या खाद्यापेक्षा दहा हजारपट घट्ट त्याला चिकटते. ट्रायपॅरानॉलसारखे इथे काही साचतही नाही, कारण वाट सुरुवातीलाच बंद होते. इंग्लंडच्या बीचम कंपनीलाही हाच रेणू दुसऱ्या पेनिसिलियममधून मिळाला होता, बुरशीनाशक म्हणून. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही.

कॉम्पॅक्टिन उंदरांना दिले आणि त्यांचे कोलेस्टेरॉल जराही उतरले नाही. कुठल्याही औषध कंपनीत एवढे झाल्यावर फाइल बंद होते. उंदराने पुन्हा दगा दिला होता, आणि कारणही पुन्हा उंदराच्या यकृतातच होते. विकर अडले की ते यकृत कित्येक पटींनी जादा विकर बनवून औषधावर मात करते. एंडो यांना तेव्हा हे माहीत नव्हते. १९७६च्या सुरुवातीला, कंपनीतलेच नोरितोशी किटानो यांच्याशी एका बारमध्ये गप्पा मारताना त्यांना कळले की किटानो अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर काम करतात. रोज अंड्यातून एवढे कोलेस्टेरॉल बाहेर घालवणाऱ्या कोंबडीचे यकृत ते सतत बनवत असणार. परीक्षा घ्यावी तर तिची. कोंबड्यांचे कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले. मग कुत्रे, मग माकडे, सगळीकडे उतार. संपूर्ण हकिगतीत दैवाचा भाग कुठे असेल तर तो त्या बारमध्ये. ज्या दोघांना एकाच कंपनीत एकमेकांचे काम ठाऊक नव्हते, त्यांना ते तिथे कळले.

१९७८मध्ये ओसाकाच्या अकिरा यामामोतो यांनी आनुवंशिक आजार असलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला हे औषध दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण तिच्या स्नायूंत अशक्तपणा आला. मात्रा कमी करून आणि इतर रोग्यांना देऊन त्यांनी हे काम चालू ठेवले. सौम्य आजाराच्या रोग्यांत उतार चांगला होता. दरम्यान एंडो यांनी डॅलसला कॉम्पॅक्टिन पाठवले होते, आणि ब्राऊन-गोल्डस्टीन यांना त्यांच्या ग्राहींच्या सिद्धान्ताचे औषधी रूप हाती मिळाले. यकृताला स्वतःचे उत्पादन करता आले नाही की ते रक्तातले एलडीएल ओढण्यासाठी नवे ग्राही बनवते; १९८१मध्ये कुत्र्यांवर हे दिसून आले. कॉम्पॅक्टिनच्या वर्गातली औषधे, म्हणजे स्टॅटिन, एलडीएल उतरवतात ती मुख्यतः या मार्गाने.

१९८०मध्ये सान्क्योने काम थांबवले. फार मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ औषध दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यात दिसलेले बदल कर्करोगाचे असावेत असा समज झाला होता. या बातमीची कुणकुण अमेरिकेत पोचली. मर्क कंपनीच्या आल्फ्रेड आल्बर्ट्स यांनी नोव्हेंबर १९७८मध्ये ॲस्परजिलस टेरियस बुरशीपासून लोव्हास्टॅटिन मिळवले होते. एंडो यांनीही, सान्क्यो सोडून टोकियोच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात गेल्यावर, तोच रेणू लाल तांदळाच्या मोनास्कस बुरशीतून स्वतंत्रपणे काढला होता. अफवा ऐकून मर्कनेही चाचण्या थांबवल्या. डॅलस आणि ऑरेगॉनच्या डॉक्टरांनी आपल्या गंभीर रोग्यांसाठी आग्रहाने औषध मागितले, ते दिल्यावर गुण आला, आणि काम पुन्हा सुरू झाले. १९८७मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. पहिले स्टॅटिन म्हणून बाजारात ते आले. कॉम्पॅक्टिन कधीच आले नाही, आणि एंडो यांना या औषधांतून आर्थिक लाभ झाला नाही.

कोलेस्टेरॉल उतरवून माणसे वाचतात का, हा प्रश्न अजून उरला होता, आणि शंका घेणाऱ्यांकडे कारण होते. १९७८मध्ये क्लोफायब्रेट या औषधाच्या मोठ्या चाचणीत झटके कमी झाले होते, एकूण मृत्यू मात्र वाढले होते. उत्तर नोव्हेंबर १९९४मध्ये स्कँडिनेव्हियातून आले. हृदयविकार झालेल्या ४,४४४ रोग्यांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना खोटी गोळी. साडेपाच वर्षांच्या सुमारास खोट्या गोळीच्या गटात २५६ मृत्यू झाले होते, औषधाच्या गटात १८२. कीज यांच्या काळापासूनचा वाद इथे संपायला हवा होता. निदान हृदयविकारतज्ज्ञांपुरता तो संपला. धोका शून्य नव्हता. सेरिव्हास्टॅटिन हे जोरकस औषध स्नायू विरघळवणाऱ्या दुष्परिणामामुळे २००१मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले.

स्टॅटिननंतरचा टप्पा पुन्हा विरळ कुटुंबांनीच दाखवला. पॅरिसमध्ये कॅथरीन ब्वालो आणि मारियान अबिफादेल यांच्यासमोर काही फ्रेंच घराणी होती; आजार तोच, ग्राहीचे जनुक मात्र ठीक. २००३मध्ये दोष सापडला पीसीएसके९ या प्रथिनात. हे प्रथिन ग्राहीला परत पृष्ठभागावर येऊ न देता पचनकोशातच नष्ट करवते. या घराण्यांत ते अतिउत्साही झाले होते. डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांच्यात हे प्रथिन निकामी असेल त्यांचे काय? कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी सुमारे दोन टक्के लोकांत असा बदल आढळला. त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होते आणि पंधरा वर्षांच्या नोंदींत हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी. जन्मभर थोडे कमी राहणे हे उतारवयात खूप कमी करण्यापेक्षा किती मोलाचे, ते या आकड्यांतून दिसते. दोन्ही प्रती निकामी असलेली एक स्त्रीही सापडली. तिचे एलडीएल अवघे १४, आणि प्रकृती ठणठणीत. २०१५मध्ये या प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडे औषध म्हणून आली. २७,५६४ रोग्यांच्या चाचणीने २०१७मध्ये त्यांचा उपयोग दाखवला.

ज्या मुलांच्या पेशींवर काम करणारा ग्राहीच नाही, त्यांना या सगळ्याचा फारसा फायदा नव्हता. स्टॅटिन काय, प्रतिपिंडे काय, शेवटी ग्राहीच्याच जोरावर चालतात. त्यांना यंत्राने रक्त गाळून एलडीएल काढण्यावर, नाहीतर यकृत बदलण्यावर विसंबावे लागे. त्यांच्यासाठीची वाट सान्क्योच्याच संशोधकांनी २००२मध्ये दाखवली होती, आणि तीही एका उंदरात. विलक्षण कमी मेद असलेल्या त्या जातीत अँजपीटीएल३ हे प्रथिन बिघडलेले होते. ते अडवले की एलडीएल उतरते, आणि ग्राही नसला तरी उतरते. दोन्ही जनुके सदोष असलेल्या ६५ रोग्यांच्या चाचणीत या मार्गाच्या इव्हिनाक्युमॅब या औषधाने एलडीएल सरासरी ४७ टक्क्यांनी घटवले. अमेरिकेत त्याला २०२१मध्ये बारा वर्षांवरील रोग्यांसाठी, आणि २०२३मध्ये पाच वर्षांवरील मुलांसाठी परवानगी मिळाली.